पहाटेची धाव आणि गावाची बाग

पावसाळ्यात झाडे लावायला माणसे कमी पडत नाहीत. जुलै महिन्यात शाळा, ग्रामपंचायत, तरुण मंडळ असे सारेच उत्साहाने पुढे येतात. माणसे कमी पडतात ती दिवाळीनंतर. अलिबाग तालुक्यात वर्षाकाठी २,००० मि.मी. हून अधिक पाऊस पडतो. परंतु तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पुढे मे अखेरपर्यंत जमीन कोरडी राहते. किनाऱ्यालगतच्या वाळूमिश्रित जमिनीत ओल टिकत नाही आणि पहिल्या वर्षीच्या रोपाची मुळेही खोल गेलेली नसतात. प्रस्तुत लेखकाने विद्यार्थ्यांना घेऊन एका वर्षी मोठ्या हौसेने लागवड केली होती. मार्चमध्ये जाऊन पाहिले तेव्हा बहुतेक खड्ड्यांत रोपाला आधाराची दिलेली काठी तेवढी उभी होती. चूक लागवडीत नव्हती. नोव्हेंबरनंतर पाणी कोण घालणार हे आम्ही ठरवलेच नव्हते.

रेवदंड्याच्या वाचकांना श्रमदान नवीन नाही. डॉ. श्री. नानासाहेब धर्माधिकारी प्रतिष्ठानचे हे गाव. प्रतिष्ठानचे श्रीसदस्य ठिकठिकाणी ग्रामस्वच्छता व वृक्षलागवड करतात, गणेशोत्सवातील निर्माल्य गोळा करून त्याचे खत करतात. या कामातून घेण्याजोगी गोष्ट म्हणजे लावलेल्या झाडाकडे पुन्हा पुन्हा जाणारी, नेमाने येणारी माणसे. तशी माणसे प्रत्येक गावात कोठून आणायची?

याचे एक उत्तर आपल्या डोळ्यांसमोरून रोज पहाटे धावत जाते. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली आज गावोगाव दिसतात. शारीरिक चाचणीत मुलांना १,६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावावे लागते, म्हणून सराव महिनोन्महिने चालतो. थंडी असो वा उकाडा, ही मंडळी खाडा करीत नाहीत. झाडाला नेमका हाच नेम हवा असतो. लंडनमध्ये २००९ च्या सुमारास ‘गुडजिम’ नावाचा उपक्रम सुरू झाला. त्यात लोक गटाने धावत एखाद्या सार्वजनिक बागेपर्यंत जातात, तेथे खणणे, तण काढणे, माती वाहणे अशी कामे करतात आणि धावत परत येतात. तिकडे घाम गाळण्यासाठी पैसे भरून व्यायामशाळेत जावे लागते, त्यातून ही कल्पना निघाली. आपल्याकडे धावणारेही आहेत आणि कामही पडून आहे. दोहोंची गाठ तेवढी पडत नाही.

आता हिशेब पाहू. पहिल्या उन्हाळ्यात रोपाला आठवड्यातून दोन वेळा, प्रत्येक वेळी १० लिटर पाणी द्यावे. २० जणांच्या गटाने प्रत्येकी दोन बादल्या घातल्या, की एका पहाटे ४० रोपे भिजतात. गट आठवड्यातून सहा दिवस येत असेल, तर ४० रोपांचे तीन भाग करून प्रत्येक भागाला दोनदा पाणी मिळते. म्हणजे एवढ्या गटावर १२० रोपे सहज जगवता येतात. त्याहून जास्त लावू नयेत. हजार रोपे लावून शंभर जगविण्यापेक्षा १२० लावून शंभर जगविणे केव्हाही स्वस्त पडते.

येथे बागायतदाराने पुढे यावयाचे आहे. ४० रोपांना ४०० लिटर पाणी लागते, म्हणजे २०० लिटरची दोन पिंपे. ज्याची वाडी जवळ आहे त्याने आदल्या संध्याकाळी पंप लावून ती भरून ठेवावीत. काही मिनिटांचे काम आहे. पिंपे रोपांपासून १०० मीटरच्या आत असावीत, नाहीतर आठवडाभरात मुलांचा उत्साह संपतो. समुद्राजवळच्या विहिरींचे पाणी एप्रिल-मे मध्ये मचूळ होते, ते आधी चाखून पाहावे. नारळ ते सोसतो. इतर कोवळ्या रोपांची पाने कडेने करपू लागतात.

बाग शक्यतो धावण्याच्या वाटेच्या मध्यावर असावी. अर्धे अंतर धावून यावे, थोडा दम खाऊन वीस मिनिटे काम करावे आणि परत धावावे. किनाऱ्यावर धावणाऱ्यांना ओहोटीची ओली, घट्ट वाळू लागते आणि ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. थोडक्यात, पोलीस भरतीच्या आड समुद्राची भरती येते! अशा दिवशी रस्त्याने धावावे, पण पाण्याची वेळ बदलू नये. एका हातात जड बादली घेऊन वाकडे चालण्यापेक्षा दोन्ही हातांत सारखे वजन घ्यावे. बादली घेऊन धावू नये. चाचणीच्या आदल्या दोन दिवसांत कोणाला कुदळ देऊ नये.

मार्चपासून पहाटे साडेपाचला सुरुवात करून ऊन चढण्यापूर्वी सर्वांना घरी पाठवावे. किनाऱ्याच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंगातील उष्णता बाहेर पडत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे श्री. अप्पासाहेब धर्माधिकारी यांना महाराष्ट्र भूषण पुरस्कार देण्याच्या सोहळ्यात उन्हाच्या त्रासाने १४ जण दगावले, हे आपण विसरू शकत नाही. झाडाचे पाणी एक दिवस चुकले तरी चालेल. चक्कर, मळमळ, डोकेदुखी वाटल्यास काम तेथेच थांबवून सावलीत बसवावे, अंग ओले करावे, आणि माणूस असंबद्ध बोलू लागल्यास विलंब न करता दवाखान्यात न्यावे.

पाण्याची बचत आच्छादनाने होते. आळ्यात नारळाची सोडणे, वाळल्या झावळ्या किंवा भाताचा पेंढा घालावा. खोडाला मात्र चिकटवू नये, वाळवी लागते. भातकापणीनंतर गुरे मोकाट सुटतात, त्यांनी एका रात्रीत सगळी मेहनत फस्त करू नये म्हणून कापणीपूर्वीच वई घालावी. हे काम दोन रविवारांत उरकते.

झाडे निवडताना खारा वारा लक्षात घ्यावा. समुद्राच्या बाजूला उंडी, करंज, भेंड. त्यांच्या आडोशाला बकुळ, कोकम, आंबा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, तेव्हा वाऱ्याच्या बाजूला आडोसा का हवा हे वेगळे सांगायला नको. वाळूवरची मर्यादवेल उपटू नये, ती वाळू धरून ठेवते. किल्ल्याच्या तटाला लागून वड-पिंपळ लावू नयेत. मुळे दगडात शिरतात. जागा कोणाचीही असली, तरी परवानगी लेखी घ्यावी.

मुले भरती होऊन गाव सोडतात, आणि सोडावे हीच आपली इच्छा. म्हणून प्रत्येक रोपावर एकाऐवजी दोघांची नावे असावीत, त्यांतील एक आठवी-नववीतला असावा. दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी पुरते, तिसऱ्या वर्षी पंधरवड्यातून एकदा. मेलेल्या रोपांची नोंद मे मध्ये वहीत करून ठेवावी आणि जूनचा पाऊस जमिनीत चांगला मुरला, की तेवढ्याच नांग्या भराव्यात.