द्रवस्फटिक पडद्यावर रेंगाळणारी प्रतिमा : कारणे, निदान आणि उपाय

बीजसंज्ञा : द्रवस्फटिक, एलसीडी मॉनिटर, रेंगाळणारी प्रतिमा, आयन, निर्लेखन

प्रस्तावना :

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात वाचकांना पुस्तकांचा शोध घेता यावा म्हणून दोन संगणक ठेवलेले आहेत. एका उन्हाळी सुट्टीनंतर या दोहोंच्या पडद्यांवर पुसट छाप दिसू लागली. ग्रंथशोधाची चौकट बंद करून दुसरे काहीही उघडले, तरी तिच्या कडा आणि महाविद्यालयाचे नाव मागे राखाडी रंगात दिसत राही. त्याच सुमारास प्रवेशद्वारावरील सुरक्षा चौकीतल्या मॉनिटरवर कॅमेऱ्यांच्या सोळा चौकटींची जाळी उमटल्याचेही लक्षात आले. देखभालीसाठी येणाऱ्या तंत्रज्ञाने ‘स्क्रीन जळाली, पॅनल गेले’ असा निर्वाळा दिला. तिन्ही मॉनिटर निर्लेखनाच्या यादीत गेले आणि संगणक निष्काळजीपणे चालू ठेवल्याबद्दल ग्रंथालय परिचराकडून लेखी खुलासा मागविण्यात आला.

निर्लेखन समितीवर भौतिकशास्त्राचा अध्यापक म्हणून प्रस्तुत लेखकाचा समावेश होता. एम.फिल.च्या अभ्यासकाळात द्रवस्फटिकांशी थोडा परिचय झालेला असल्याने ‘जळाली’ हा शब्द मनाला पटेना. निर्णय काही आठवडे लांबणीवर टाकण्याची विनंती समितीने मान्य केली. त्या काळात ग्रंथालयातील दोन्ही मॉनिटर पूर्ववत झाले. सुरक्षा चौकीतला झाला नाही. एकाच दोषाचे असे दोन शेवट का व्हावेत, याचा उलगडा पडद्याच्या अंतर्रचनेत आहे. तो विज्ञानेतर शाखांतील सहकाऱ्यांनाही समजेल अशा रीतीने मांडण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

‘जळणे’ या शब्दाविषयी :

पडदा जळणे ही कल्पना काचनलिकेच्या जुन्या मॉनिटरच्या काळातली आहे आणि त्या काळी ती बव्हंशी रास्तही होती. त्या मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत काचेच्या आतील फॉस्फरच्या लेपावर आदळून प्रकाश निर्माण होत असे. एकाच जागी सतत झोत पडत राहिला, तर तेथील लेपाची प्रकाश देण्याची शक्ती घटे आणि ती पुन्हा भरून येत नसे. प्लाझ्मा पडद्यातही फॉस्फरच होता. आजच्या ओएलईडी पडद्यात प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाश देतो व वापराबरोबर झिजतो. म्हणून तेथेही कायमचा ठसा पडू शकतो.

एलसीडी पडद्यातील बिंदू मात्र स्वतः प्रकाश देत नाही. प्रकाश मागच्या दिव्यांतून येतो आणि बिंदू केवळ झडपेचे काम करतो. झडप जळत नाही; ती नीट मिटत किंवा उघडत नाही, एवढेच फार तर होऊ शकते. त्यामुळे एलसीडीवरील छापेला ‘जळणे’ न म्हणता ‘प्रतिमा रेंगाळणे’ म्हणणे अधिक उचित ठरेल. हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. जळालेल्या वस्तूला आपण मोडीत काढतो. रेंगाळलेल्या गोष्टीची वाट पाहतो.

द्रवस्फटिकाची झडप :

सन १८८८ मध्ये प्राग येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिडरिश रायनिट्झर यांना कोलेस्टेरिल बेंझोएट हा पदार्थ जणू दोनदा वितळताना आढळला. सुमारे १४५ अंश सेल्सिअसला त्याचा गढूळ द्रव झाला आणि सुमारे १७९ अंशांना तो गढूळ द्रव स्वच्छ झाला. मधली अवस्था द्रवासारखी वाहती, परंतु स्फटिकासारखी रेणूंची दिशा राखणारी होती. हेच द्रवस्फटिक. या शाखेत भारतीय संशोधनाचे स्थान गौण नाही. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक प्रथम दाखवून दिले. (नोबेल पारितोषिक मिळविणारे खगोलभौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर ते हे नव्हेत, विद्यार्थ्यांची येथे हमखास गफलत होते.)

मॉनिटरमध्ये दोन काचांच्या मध्ये द्रवस्फटिकाचा साधारण ३ ते ५ मायक्रॉन जाडीचा थर असतो. दोन्ही काचांच्या आतील बाजूंवर पारदर्शक विद्युतवाहक लेप आणि त्यावर पॉलिइमाइडचा अतिशय पातळ थर देतात. रेणूंनी विश्रांतीच्या स्थितीत कोणत्या दिशेने राहावे, हे हा थर ठरवितो. विद्युतदाब दिला की रेणू वळतात आणि बाहेरील ध्रुवणपट्ट्यांच्या साहाय्याने प्रकाश अडतो किंवा जातो. दाब जेमतेम ५ व्होल्टचा असला, तरी ४ मायक्रॉनच्या थरात त्याचे क्षेत्र मीटरला साडेबारा लाख व्होल्ट इतके तीव्र होते. हा आकडा पुढील विवेचनात ध्यानात ठेवावा लागेल.

प्रतिमा का रेंगाळते :

द्रवस्फटिकाचे रेणू विद्युतक्षेत्राच्या तीव्रतेला दाद देतात, दिशेला नाही. धन दाब द्या की तितकाच ऋण, रेणू सारखेच वळतात. परंतु द्रवात अत्यल्प प्रमाणात का होईना, विद्युतभारित अशुद्धी, म्हणजे आयन असतातच. काही मूळ द्रव्यातून येतात, काही काचांच्या कडा सांधणाऱ्या गोंदातून, काही पॉलिइमाइडमधून. या आयनांना मात्र दिशा कळते. दाब सतत एकाच दिशेचा राहिला तर धन आयन एका काचेकडे आणि ऋण आयन दुसरीकडे सरकतात. म्हणून पडद्यातील प्रत्येक बिंदूच्या दाबाची दिशा प्रत्येक चित्रागणिक उलटविली जाते. सेकंदाला ६० वेळा चित्र नवे होणाऱ्या मॉनिटरमध्ये ती सेकंदाला ६० वेळा उलटते. आयन एकीकडे निघतो न निघतो तोच त्याला मागे ओढले जाते.

ही योजना तत्त्वतः निर्दोष आहे. व्यवहारात थोडे इकडेतिकडे होते. प्रत्येक बिंदूमागे ट्रान्झिस्टरचा एक सूक्ष्म खटका असतो. हा खटका बंद होताना बिंदूवरील दाब किंचित खाली घसरतो आणि, येथेच खरी मेख आहे, दाब धन असो वा ऋण, घसरण नेहमी एकाच दिशेने होते. परिणामी धन बाजू थोडी उणी व ऋण बाजू थोडी अधिक होते. कारखान्यात समोरच्या काचेवरील सामाईक दाब जुळवून ही तूट भरून काढतात. परंतु घसरण किती व्हावी हे त्या बिंदूच्या विद्युतधारितेवर अवलंबून असते आणि धारिता रेणू किती वळले आहेत त्यावर, म्हणजेच बिंदू काळा आहे, पांढरा आहे की राखाडी आहे यावर. एकच भरपाई सर्व छटांना तंतोतंत लागू पडणे शक्य नाही. म्हणून काळ्या अक्षरांखाली एक आणि पांढऱ्या पार्श्वभूमीखाली दुसरा, असा अल्पसा एकदिश दाब शिल्लक राहतो.

चित्र बदलते असेल तर ही शिल्लक जागोजाग बदलत राहते आणि कोठेच साचत नाही. वाहत्या ओढ्यात गाळ बसत नाही, तसेच हे. चित्र तासन्‌तास स्थिर राहिले की आयन हळूहळू सरकून पॉलिइमाइडच्या थराशी गोळा होतात आणि त्यांतील काही त्याला चिकटतात. पुढे चित्र बदलले तरी या साचलेल्या भाराचे स्वतःचे क्षेत्र शिल्लक राहते, दिलेल्या दाबात मिसळते आणि रेणूंना अपेक्षेपेक्षा किंचित अधिक किंवा किंचित कमी वळविते. डोळ्यांना दिसते ती ही चूक. ती मधल्या राखाडी छटांवर सर्वाधिक स्पष्ट असते, कारण तेथे दाबातील लहानशा फरकानेही प्रकाश पुष्कळ बदलतो. पूर्ण काळ्या किंवा पूर्ण पांढऱ्या पडद्यावर ती लपते.

उष्णतेने आयनांची हालचाल वाढते. आमच्या ग्रंथालयातील छाप उन्हाळ्यानंतर लक्षात आली, ते या दृष्टीने सुसंगत आहे. अर्थात एवढ्यावरून तो पुरावा ठरत नाही.

द्रव्याच्या शुद्धतेचाही येथे मोठा वाटा आहे. इंग्लंडमधील हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी तयार केलेल्या सायनोबायफिनिल द्रव्यांमुळे घड्याळे व गणकयंत्रे यांचे पडदे व्यवहारात आले. परंतु ती द्रव्ये आयनांना सहज सामावून घेतात. म्हणून ट्रान्झिस्टर असलेल्या पडद्यांसाठी पुढे फ्लोरिनयुक्त मिश्रणे स्वीकारावी लागली. पडदा महाग असला म्हणजे हा दोष टळतो, असेही नाही. २०१२ च्या अ‍ॅपल कंपनीच्या रेटिना पडद्याच्या मॅकबुक प्रो लॅपटॉपबाबतही अशा तक्रारी झाल्या होत्या.

निदान :

प्रथम दोष पडद्याचाच आहे ना, हे पाहावे. संगणकावर स्क्रीनशॉट घेऊन तो दुसऱ्या संगणकावर उघडावा. छाप त्यातही दिसली तर पडदा निर्दोष आहे, बिघाड अन्यत्र आहे. मॉनिटर दुसऱ्या संगणकाला जोडूनही छाप कायम राहिली तर ती पडद्यातच आहे. त्यानंतर संपूर्ण पडदाभर मध्यम राखाडी रंग ठेवून निरीक्षण करावे. उत्पादकही बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन कित्येक तास दाखवून नंतर राखाडी पडद्यावरच छाप तपासतात.

छाप पुसण्याच्या हेतूने पडदा ओल्या फडक्याने, स्पिरिटने किंवा काच साफ करण्याच्या द्रावणाने घासणे हा सार्वत्रिक आणि घातक उपाय आहे. दोष काचेच्या आत आहे. घासण्याने बाहेरील लेप व ध्रुवणपट्टी तेवढी खराब होते आणि मग मात्र मॉनिटर खरोखरच निकामी होतो.

उपाय आणि काही गैरसमज :

सर्वांत सोपा आणि सर्व प्रकारच्या पडद्यांना लागू पडणारा उपाय म्हणजे मॉनिटर बंद ठेवणे. क्षेत्र नाहीसे झाले की साचलेले आयन आपोआप विखुरतात. परंतु त्यांना ढकलणारे काही नसल्याने हे काम सावकाश होते. चित्र जितका काळ स्थिर होते निदान तितका काळ पडदा बंद ठेवावा, हा ढोबळ नियम बरा आहे. ग्रंथालयातील मॉनिटर शनिवारी दुपारी बंद करून सोमवारी सकाळी पाहिले, तेव्हा छाप केवळ राखाडी पडद्यावर आणि तीही शोधल्यासच दिसत होती. पुढील दोन आठवड्यांत ती गेली. बंद ठेवणे शक्य नसेल तेथे पडदाभर सतत बदलते चित्र चालवावे. डेलसारख्या काही कंपन्यांच्या मॉनिटरच्या मेनूत यासाठी ‘एलसीडी कंडिशनिंग’ अशी सोयही असते.

पडदा पांढरा ठेवावा की काळा, यावर मात्र संगणक कक्षात नेहमी वाद होतो. दोन्ही पक्ष अर्धे बरोबर आहेत. टीएन प्रकारच्या पडद्यात दाब नसताना बिंदू पांढरा असतो. काळा करण्यासाठी सर्वाधिक दाब द्यावा लागतो. आयपीएस व व्हीए प्रकारांत नेमके उलट असते. म्हणजे टीएन पडद्यावर काळा स्क्रीनसेव्हर लावून आपण त्याला विश्रांती देत नसून पूर्ण ताणावर ठेवीत असतो. मागचा दिवाही तोवर जळतच असतो. तसेच मॉनिटरचा प्रकाश कमी करणे हा उपाय नव्हे. त्याने दिवा मंदावतो. बिंदूंवरील दाब होता तसाच राहतो.

स्क्रीनसेव्हर काचनलिकेच्या काळातून चालत आलेला आहे. हलते चित्र असेल तर तो एलसीडीलाही उपकारक आहे. परंतु अनेक कार्यालयांत स्क्रीनसेव्हर म्हणून संस्थेचे बोधचिन्ह मध्यभागी स्थिर ठेवलेले असते. असा स्क्रीनसेव्हर एक छाप टाळून दुसरी पाडतो! त्यापेक्षा संगणकाच्या पॉवर सेटिंगमध्ये दहा मिनिटे वापर न झाल्यास पडदा बंद व्हावा, अशी योजना करावी. विजेचीही बचत होते. वर्गांतील परस्परसंवादी फलक बहुधा एलसीडीचेच असतात आणि त्यांच्या कडेची साधनपट्टी दिवसभर एकाच जागी असते. तेथेही हीच दक्षता हवी.

निर्लेखनाचा प्रश्न :

सुरक्षा चौकीतील मॉनिटर बरा का झाला नाही? तो कित्येक वर्षे अहोरात्र चालू होता आणि चौकटींच्या रेषा कधीही हलल्या नव्हत्या. इतक्या काळात थराला घट्ट चिकटलेला भार सहज सुटत नाही, शिवाय रेणूंना दिशा देणाऱ्या पॉलिइमाइडमध्येही बदल होऊ शकतो. अशा पडद्याच्या बाबतीत रेंगाळणे आणि कायमचा ठसा यांतील सीमा ओलांडली गेलेली असते. हमीपत्राकडून आशा ठेवण्यातही फारसा अर्थ नसतो, कारण अनेक उत्पादक असा दोष हमीतून स्पष्टपणे वगळतात.

खेदाची बाब अशी की तो अहोरात्र चालू ठेवण्याची गरजच नव्हती. कॅमेऱ्यांचे चित्रमुद्रण मॉनिटरवर होत नाही, त्याला जोडलेल्या मुद्रणयंत्रात होते. पडदा बंद केला तर मुद्रण थांबेल, या भीतीने रखवालदारांनी तो कधी बंद केला नाही, आणि तसे नाही हे त्यांना कोणी सांगितलेही नव्हते. ग्रंथालय परिचराचीही तीच गत. संगणक दिवसभर चालू ठेवण्याची सूचना त्यांना लेखी होती. पडदा आपोआप बंद होण्याची योजना करणे हे संगणक बसविणाऱ्यांचे काम होते. समितीने तसा अभिप्राय नोंदविला आणि खुलाशाचे पत्र मागे घेण्यात आले.

मॉनिटर निर्लेखित करणे म्हणजे केवळ जडसंग्रह नोंदवहीतील एक ओळ कमी करणे नव्हे. जुन्या एलसीडी मॉनिटरमधील मागचे नलिकादिवे पारायुक्त असतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार असे साहित्य नोंदणीकृत पुनर्चक्रण यंत्रणेकडेच जावयास हवे, भंगारवाल्याकडे नव्हे. म्हणून आमच्या समितीने निर्लेखनाच्या प्रपत्रात मॉनिटरपुरता एक रकाना वाढविला : ‘पडदा सलग किती तास बंद ठेवून पुन्हा तपासला’. हा रकाना कोरा असेल तर प्रस्ताव परत जातो. सुरक्षा चौकीतला मॉनिटर तूर्त सर्व्हरच्या खोलीत आहे. आठवड्यातून एकदा, नोंदी पाहण्यापुरता तो लावला जातो आणि सोळा चौकटींची जाळी पार्श्वभूमीला असली तरी अक्षरे सुवाच्य दिसतात.