इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा : दहावीनंतरच्या तीन वर्षांचा हिशेब

दहावीचा निकाल लागला की मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या घराघरांतून एकच सवाल निघतो : मुलाला पुढे शिकवायचे की कारखान्यावर बसवायचे? मार्क भरपूर असले तर डॉक्टर-इंजिनीअरची स्वप्ने, कमी असले तर थेट माग. या दोहोंच्या मध्ये एक वाट आहे, ती म्हणजे पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमा. 'डिप्लोमा म्हणजे कमी मार्कवाल्यांची सोय' असा समज आपल्या बाजारात पक्का बसला आहे. तो आपल्या धंद्यालाच महाग पडतो, म्हणून या शिक्षणाची माहिती आम्ही येथे देत आहोत.

माग बदलला, मिस्त्रीही बदलला पाहिजे

साध्या यंत्रमागावर धोटा, पट्टा, गिअर, मोटर यांतले जे बिघडते ते डोळ्यांना दिसते. मिस्त्री पाना घेऊन ते नीट करतो. हे हुनर तो उस्तादाच्या हाताखाली शिकलेला असतो. नव्या रॅपियर मागावर तसे नाही. बाणा तुटला की नाही हे सेन्सर सांगतो. ताण्याचा बीम किती सोडायचा हे कंट्रोल कार्ड मोटरला सांगते.

जेकार्डचेच उदाहरण घ्या. फ्रान्समधील लिऑन शहराच्या जोसेफ मारी जॅकार्ड याचे यंत्र 1804 सालचे. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून डिझाइन विणायची त्याची रीत पावणेदोनशे वर्षे चालली. 1983 साली मिलानच्या प्रदर्शनात ब्रिटनच्या बोनास कंपनीने इलेक्ट्रॉनिक जेकार्ड मांडले. पुठ्ठ्याच्या जागी कॉम्प्युटरची फाइल आली आणि भोकाचे काम विजेवर चालणारे लोहचुंबक करू लागले. असे यंत्र बंद पडले की पान्याने काम होत नाही. बाहेरगावच्या इंजिनीअरची वाट पाहावी लागते आणि तोपर्यंत माग उभा राहतो. उभ्या मागाचा खर्च काय असतो हे वाचकांना सांगायला नको.

डिप्लोमात शिकवतात काय?

डिग्रीवाला इंजिनीअर मुख्यतः नवे यंत्र रचायला शिकतो. डिप्लोमावाला ते यंत्र बसवायला, मोजायला, चालवायला आणि दुरुस्त करायला शिकतो. पहिल्या वर्षी गणित, विज्ञान, इंग्रजी, ड्रॉइंग आणि वर्कशॉप असते. पुढे सर्किट, डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स, मायक्रोकंट्रोलर, पीएलसी असे विषय येतात. प्रॅक्टिकलला मल्टिमीटर, ऑसिलोस्कोप आणि सोल्डरिंग स्वतःच्या हाताने करावे लागते.

याचा उपयोग कसा होतो ते पाहा. माग वारंवार थांबतो आणि पडद्यावर 'बाणा तुटला' असे येते, पण धागा शाबूत आहे. अंदाजाने काम करणारा माणूस आधी महागडे कार्ड बदलायला सांगतो. शिकलेला मुलगा आधी सेन्सरवर साचलेली कापसाची धूळ साफ करतो. मग सेन्सरपर्यंत 24 व्होल्ट पोचतात का ते मोजतो, धागा हलवल्यावर सिग्नल बदलतो का ते पाहतो, वायरीचा जोड सैल आहे का ते तपासतो. एवढे सर्व ठीक निघाले तरच तो कार्डाकडे वळतो. अशी क्रमवार तपासणी हीच या तालीमची खरी कमाई आहे.

दरवाजे कोणते?

महाराष्ट्रात डिप्लोमाची परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेते. प्रवेश दहावीच्या मार्कांवर होतो. ज्याला तीन वर्षे एकदम जड वाटतात त्याने आयटीआयचा 'इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक' हा दोन वर्षांचा ट्रेड करावा. त्यानंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. डिप्लोमा झाला की डिग्रीच्याही थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. म्हणजे ही वाट कोठेही बंद होत नाही. कमवायचे असेल तर 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतन घेऊन अनुभव मिळवता येतो.

मुंबईत भायखळ्याला अंजुमन-इ-इस्लामचे साबू सिद्दीक पॉलिटेक्निक आहे. ज्यांना उर्दूतून शिकायचे आहे त्यांच्यासाठी मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठाची पॉलिटेक्निके हैदराबाद, बेंगळुरू व दरभंगा येथे आहेत. तेथेही इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा आहे.

भाषेची अडचण

आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, त्यामुळे ही अडचण आम्हाला ठाऊक आहे. शाळेत जी 'बर्की रौ' ती मराठीत विद्युतधारा आणि कॉलेजात करंट. शाळेतली 'मुजाहमत' मराठीत रोध आणि कॉलेजात रेझिस्टन्स. ओहमचा नियम तिन्ही भाषांत एकच आहे. 24 व्होल्टला 1200 ओहमचा रोध लावला की 20 मिलिअँपिअर करंट वाहतो, मग नाव कोणतेही घ्या. मुलाला विषय येत असतो, फक्त शब्द अनोळखी असतात. म्हणून निकाल आणि प्रवेश यांच्यामधल्या सुट्टीत दोन-तीनशे इंग्रजी तांत्रिक शब्द आणि दहावीचे बीजगणित पक्के करून घ्यावे. पहिले वर्ष पार पडले की पुढचे सोपे जाते.

पालकांनी व मालकांनी काय करावे?

फॉर्म भरण्यापूर्वी कॉलेजची इमारत पाहू नका, प्रयोगशाळा पाहा. एका टेबलावर किती मुले, मुलांना यंत्राला हात लावू देतात का, हे तेथल्याच विद्यार्थ्यांना विचारा. रहिवासी व उत्पन्नाचा दाखला, तसेच ज्यांची बिरादरी ओबीसी यादीत आहे त्यांनी जातीचा व नॉन-क्रिमीलेअरचा दाखला निकालाच्या आधीच काढून ठेवावा. दाखला वेळेवर नसला की फीची सवलत हातची जाते. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या राज्य शिष्यवृत्तीचे अर्ज 'महाडीबीटी' संकेतस्थळावर भरतात. त्याची मुदत चुकवू नये.

एकट्या लहान कारखानदाराला डिप्लोमावाला मुलगा पगारावर ठेवणे परवडणार नाही. पण एका गल्लीतल्या पाच-सहा मालकांनी मिळून ठेवला तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडाच भार येतो आणि मुलाला आपल्याच गावात रोजी मिळते. मात्र त्याला उस्तादाइतका मान आणि कामाइतका दाम दिला पाहिजे. नाही तर तो मोठ्या शहरात जाईल आणि त्याला दोष देता येणार नाही.

मुलगा आज मागावर बसला तर पगार आजपासून घरात येतो, हे खरे आहे. तीन वर्षे तो पगार थांबवणे गरीब घराला जड जाते, हेही खरे आहे. परंतु पुढची चाळीस वर्षे त्याने मागाच्या मागे उभे राहायचे की मागाला समजून घ्यायचे, याचा फैसला याच तीन वर्षांत होतो. हिशेब मांडताना दोन्ही रकाने भरावेत, एवढीच आमची विनंती.