कंपोस्टचा चहा उसाला केव्हा पाजावा?



गट कार्यालयात हल्ली एक प्रश्न वारंवार येतो : "साहेब, कंपोस्टचा चहा पाजला तर युरियाच्या किती गोण्या वाचतील?" उत्तर आधीच सांगून टाकतो : एकही नाही. तरीपण हे पाणी कामाचे आहे. कसे, ते पाहू.

आधी हिशेब करा. ड्रममध्ये ८ किलो कंपोस्ट टाकले आणि त्यात १ टक्का नत्र धरले, तर सगळे मिळून ८० ग्रॅम नत्र झाले. म्हणजे पावणेदोनशे ग्रॅम युरिया. सुरू उसाची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्राची, म्हणजे एकरी १०० किलो आहे. माणसाचे पोट चहाने भरत नाही, तसे उसाचेही भरत नाही. हे पाणी खत नव्हे, विरजण आहे. चांगल्या कंपोस्टमधले जिवाणू व बुरशी पाण्यात उतरवायची, हवा देऊन वाढवायची आणि मुळाशी सोडायची. पण दूधच नसेल तर विरजण लागणार कशाला? ज्या जमिनीत शेणखत नाही, प्रेसमड कंपोस्ट नाही आणि पाचटही जाळले जाते, तेथे हा खटाटोप करू नये.

कृती : २०० लिटरच्या ड्रममध्ये १६० लिटर स्वच्छ पाणी घ्यावे. पूर्ण कुजलेले, मातीसारखा वास येणारे ८ किलो कंपोस्ट किंवा गांडूळखत कापडात सैल बांधून त्यात सोडावे. पाव किलो गूळ विरघळवावा. तळाशी पंपाची नळी सोडून २४ तास हवा खेळवावी. माशांच्या काचपेटीचा लहान पंप पुरत नाही. पाणी सारखे खळखळले पाहिजे. जीवामृत नुसते ढवळून होते, येथे मात्र हवा थांबता कामा नये. तयार पाणी चार-पाच तासांत संपवावे, साठवू नये.

आपल्या खानदेशात खरी अडचण उन्हाची. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ४० अंशांच्या पाण्यात साडेसहाच्या आतच. या पद्धतीचे जाणकार तो ६ च्या वर ठेवा म्हणतात. म्हणजे एप्रिल-मेच्या दुपारी पंप चालू असूनही पाणी काठावरच असते, आणि तशात वीज गेली की संपलेच. आमचाही एक ड्रम असाच रात्रभर बंद राहिला. सकाळी गटारीसारखा वास आला, तो बांधावर ओतावा लागला. सबब ड्रम झाडाखाली ठेवावा, ओले गोणपाट गुंडाळावे आणि वीज कोणत्या पाळीत आहे ते पाहूनच काम सुरू करावे. घाण वास आला, तर पाणी पिकाला देऊ नये.

आता केव्हा द्यायचे ते पाहू.

१) लागण : बेण्याला बुरशीनाशकाची प्रक्रिया केली असेल तर त्या दिवशी हे पाणी नको, औषध जिवाणूही मारते. कोंब वर येऊन त्याला स्वतःची मुळे फुटू लागली, की मुळाशी ओलीवर द्यावे. रोपे लावणाऱ्यांनी रोप बसल्यावर द्यावे.

२) फुटवे, ६ ते ८ आठवडे : नत्राचा ४० टक्के हप्ता याच वेळी असतो. तो ठरल्याप्रमाणे द्यावा आणि हे पाणी त्यानंतर आठवडाभराने, संध्याकाळी, पाण्याच्या पाळीला जोडून द्यावे.

३) मोठी बांधणी : नत्राचा शेवटचा ४० टक्के हप्ता आणि स्फुरद-पालाशचा उरलेला अर्धा भाग मातीआड करून बांधणी उरकावी. मग पुढच्या पाळीत हे पाणी सरीतून सोडावे. ठिबक असेल तर दुहेरी कापडातून गाळावे, नाहीतर नळीची भोके बुजतील.

४) पक्वता : द्यायची गरज नाही. साखर भरायच्या दिवसांत यावर पैसा व श्रम घालवू नयेत.

५) खोडवा : येथे उपयोगाची आशा जास्त. पाचट न जाळता कुट्टी करून सरीत दाबावे, शिफारशीचा युरिया, सुपर फॉस्फेट व पाचट कुजवणारे जिवाणू द्यावेत. या वेळच्या ड्रममध्ये गूळ घालू नये. गुळाने जिवाणू झपाट्याने वाढतात. पाचटाचा टणक भाग मुख्यतः बुरशी फोडते. म्हणून कंपोस्टात अर्धवट कुजलेल्या पाचटाखालचा पांढरी बुरशी धरलेला थर मिसळावा.

एक इशारा. गुळाबरोबर रोगजंतूही वाढू शकतात. अमेरिकेच्या सेंद्रिय मानक मंडळाच्या अभ्यासगटाने २००४ साली हाच धोका दाखवला होता. म्हणून कच्चे शेण वापरू नये. उसात कोथिंबीर, मेथी, कांदा असे आंतरपीक असेल, किंवा ऊस रसवंतीला जाणार असेल, तर हे पाणी देऊच नये.

शेवटी, आमच्यावरही आंधळा विश्वास ठेवू नका. ठिकठिकाणच्या प्रयोगांत कुठे फायदा दिसला, कुठे काहीच दिसला नाही. चार सऱ्यांना पाजा, शेजारच्या चार कोऱ्या ठेवा, खते दोन्हींना सारखीच द्या. तोडणीला दोन्हींचा ऊस वेगळा वजन करा आणि आकडे गट कार्यालयात आणून द्या. फरक दिसला तर पुढच्या साली सगळ्या रानाला द्या. नाही दिसला, तर ड्रम पाणी भरायला आहेच.

— ऊस विकास अधिकारी