निर्दोष सुधारणेची माघार

वलगावच्या माझ्या घरातला संगणक लिनक्सवर चालतो. या प्रणालीच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. यंत्र आणि आपण वापरतो ते प्रोग्रॅम यांच्यामधला हा कारभारी. त्यात जगभरातून सतत बदल होतात आणि प्रत्येक बदलाची कारणासह नोंद राहते. या नोंदी वाचण्याचा मला नाद आहे. त्यांतली २०१९ ची एक हकिगत संगणकाबाहेरच्या माणसानेही वाचावी अशी आहे.

कर्नलच्या ५.३ आवृत्तीसाठी ‘एक्स्ट-४’ या फाइलव्यवस्थेत एक सुधारणा झाली. डिस्कवरची माहिती आणताना शेजारशेजारच्या मागण्या एकत्र पाठवायच्या, म्हणजे खेपा कमी. कामात दोष नव्हता. तरीही एका विकासकाचा लॅपटॉप सुरू होतानाच अडकून बसू लागला.

कारण भलतीकडेच होते. कूटलेखनासाठी संगणकाला कोणालाही आधी ओळखता येणार नाहीत असे आकडे लागतात. त्यांसाठीची अनिश्चितता कर्नल यंत्रातल्या घडामोडींच्या वेळांमधून गोळा करी. डिस्कच्या खेपाही त्यांतच आल्या. खेपा घटल्या, साठा भरेना. सुरुवातीलाच असे आकडे मागणारा प्रोग्रॅम वाट पाहत थांबला. तो थांबला म्हणून यंत्रात हालचाल नाही, आणि हालचाल नाही म्हणून साठा रिकामा.

दोष फाइलव्यवस्थेचा नव्हता, तरी लिनस टोरवाल्ड्स यांनी १५ सप्टेंबर २०१९ रोजी ५.३ प्रसिद्ध करताना तीच सुधारणा मागे घेतली. काल चालणारे काम नव्या कर्नलमुळे आज बंद पडले, तर त्याला ‘रिग्रेशन’ म्हणतात. चूक कोणाची, हा वाद नंतरचा. आधी वापरणाऱ्याचे यंत्र चालले पाहिजे, हा तिथला नियम. आपल्याकडे नवी प्रणाली अडली की खिडकीशी उभ्या माणसालाच ‘उद्या या’ म्हणून सांगतात.

माघार म्हणजे पुसून टाकणे नव्हे. मूळ बदल नोंदीत राहतो आणि त्यावर उलटा बदल चढवला जातो. पुढे दोनेक आठवड्यांत, साठा भरत नसेल तर कर्नलने स्वतःच काम करून, त्याला लागणाऱ्या वेळेतल्या सूक्ष्म फरकांतून अनिश्चितता मिळवावी, अशी सोय झाली. मग मागे घेतलेली सुधारणा पुन्हा बसवली गेली. २४ नोव्हेंबर २०१९ रोजी आलेल्या ५.४ आवृत्तीत दोन्ही होत्या. खेपाही वाचल्या आणि कोणाचा लॅपटॉप अडकवून ठेवावा लागला नाही.