एकोणचाळीस हजार किलोमीटरवरचं गुपित

२८ डिसेंबर २०२३ च्या रात्री फ्लोरिडातल्या केनेडी अंतराळ केंद्रावरून फाल्कन हेवी हे अवाढव्य रॉकेट उडालं. त्याच्या टोकावर होतं जेमतेम नऊ मीटर लांबीचं, आखूड पंखांचं, मानवरहित यान. अमेरिकी अंतराळ दलाचं हे एक्स-३७बी आधीच्या सहा मोहिमांत पृथ्वीपासून काहीशे किलोमीटरवर फिरत असे आणि तिथवर जायला लहान रॉकेटं पुरत. या वेळी एवढं बलदंड रॉकेट कशासाठी? ‘नव्या कक्षांमध्ये काम करणार’ एवढंच सांगून दल गप्प बसलं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये फिनलंडमधल्या एका हौशी निरीक्षकाने ते शोधून काढलं. कक्षेचा पृथ्वीला सर्वांत जवळचा बिंदू, म्हणजे उपभू, ३२३ किलोमीटरवर. सर्वांत दूरचा, म्हणजे अपभू, ३८,८३८ किलोमीटरवर. विषुववृत्ताशी कल ५९.१ अंश. एवढे आकडे हाती आले की पुढची आकडेमोड कोणालाही करता येते: एका प्रदक्षिणेला साधारण साडेअकरा तास.

अमेरिकी लष्कर हजारो उपग्रहांच्या कक्षा सर्वांसाठी जाहीर करतं. स्वतःच्या गुप्त उपग्रहांची नावं आणि क्रमांकही त्या यादीत असतात, फक्त कक्षेची जागा कोरी. ती भरण्याचं काम जगभर विखुरलेली काही हौशी मंडळी घरच्या अंगणातून करतात. पहिला धागा उड्डाणाआधीच मिळतो. रॉकेटचे टप्पे जिथे कोसळणार, तिथे जाऊ नका अशी सूचना विमानांना आणि जहाजांना द्यावीच लागते. हे धोक्याचे पट्टे नकाशावर मांडले की रॉकेटची दिशा दिसते, दिशेवरून कक्षेचा कल निघतो आणि त्याला उड्डाणाची वेळ जोडली की उपग्रह आकाशात कोणत्या प्रतलात फिरणार याचा अंदाज येतो. मग अख्खं आकाश धुंडाळायची गरज उरत नाही. त्या प्रतलावर कॅमेरा रोखायचा आणि वाट पाहायची.

ही वाट लंबवर्तुळाकार कक्षेत फार लांबते. चारशे किलोमीटरवरचा उपग्रह दुर्बिणीशिवायही दिसू शकतो. तोच अपभूपाशी गेला की अंतर जवळपास शंभर पट होतं आणि प्रकाश दहा हजारावा भाग उरतो, म्हणजे ताऱ्यांचं तेज मोजण्याच्या मापात दहा प्रतींची घट. उपभूपाशी तो तेजस्वी असतो खरा, पण सेकंदाला दहा किलोमीटरहून जास्त वेगाने निघून जातो. शिवाय त्या क्षणी आपल्याकडे रात्र आणि त्याच्यावर ऊन, असा योग जुळावा लागतो.

पण याच कक्षेचा एक गुण शोधणाऱ्याच्या पथ्यावर पडतो. झोका टोकाला गेला की रेंगाळतो, तसा उपग्रह अपभूपाशी मंदावतो. एक्स-३७बीचा वेग तिथे सेकंदाला दीड किलोमीटरवर येतो. केप्लरच्या दुसऱ्या नियमाला गोपनीयतेचं सोयरसुतक नाही. फेरीतले बहुतेक तास यान उंचावर, उन्हात, जवळपास अर्ध्या पृथ्वीला दिसेल अशा जागी असतं. संवेदनशील कॅमेऱ्याच्या लांब एक्स्पोजरमध्ये ते हळूहळू सरकणारा ठिपका म्हणून उमटतं. भोवतीच्या ताऱ्यांच्या स्थानांवरून ठिपक्याची जागा मोजायची, वेळ सेकंदाच्या अंशापर्यंत नोंदवायची, काही रात्रींची मापं जुळवायची. कक्षा त्यातूनच बांधली जाते.

मुळात अशी लांबोडकी कक्षा घेतात कशाला? सोव्हिएत संघाची अडचण भूगोलाची होती. विषुववृत्तावर स्थिर वाटणारे उपग्रह त्यांच्या उत्तर भागातून क्षितिजालगत दिसतात. म्हणून २३ एप्रिल १९६५ ला ‘मोल्निया’ हा दळणवळण उपग्रह बारा तासांच्या लंबवर्तुळात गेला, अपभू उत्तर गोलार्धावर ठेवून. पृथ्वी पुरती गोल नसल्यामुळे अशा कक्षेचा लांब अक्ष हळूहळू वळत जातो, कल ६३.४ अंश ठेवला तर ते वळणं थांबतं. पुढे क्षेपणास्त्रांच्या ज्वाळा टिपणारे सोव्हिएत ‘ओको’ उपग्रहही अशाच कक्षांत गेले. २६ सप्टेंबर १९८३ ला त्यांनी अमेरिकेने पाच क्षेपणास्त्रं सोडल्याचा इशारा दिला. ते उंच ढगांवरून परावर्तित झालेलं ऊन होतं, आणि ड्युटीवरच्या स्तानिस्लाव पेत्रोव यांनी तो इशारा खोटा ठरवला म्हणून पुढचं टळलं. अमेरिकेचे इशारा देणारे काही संवेदकही अशा कक्षांतल्या उपग्रहांवर बसवलेले आहेत.

शोधात भलतंच हाती लागण्याचीही गंमत असते. जानेवारी २०१८ मध्ये ‘झुमा’ हा गुप्त अमेरिकी उपग्रह रेडिओ लहरींवरून हुडकताना कॅनडातल्या एका हौशी निरीक्षकाला ‘इमेज’ सापडला. नासाचा हा वैज्ञानिक उपग्रह लंबवर्तुळाकार कक्षेतच होता आणि डिसेंबर २००५ पासून मुका झाला होता. तो बोलतोय हे नासाला बाहेरच्या माणसाकडून कळलं.

या मंडळींवर नेहमीचा आक्षेप असतो की ती शत्रूला मदत करतात. मला तो पोकळ वाटतो. रशिया आणि चीन यांच्याकडे स्वतःचे रडार आणि दुर्बिणी आहेत; अंगणातल्या कॅमेऱ्याला दिसतं ते त्यांना दिसत नसेल, हे पटत नाही. अंधारात राहतो तो बहुधा कर भरणारा नागरिक.

एकदा सापडलेलं यान सापडलेलंच राहील, असंही नाही. ते इंजिन पेटवू शकतं आणि उपभूपाशी हवा त्याला किंचित अडवते. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर अंतराळ दलाने स्वतःच जाहीर केलं की वातावरणाचा विरळ थर पुन्हा पुन्हा घासून, फारसं इंधन न जाळता, यानाची कक्षा खाली आणली जाणार आहे. ‘अतिलंबवर्तुळाकार कक्षा’ हे शब्द त्या निवेदनात होते. फिनलंडमधल्या नोंदीनंतर आठ महिन्यांनी. ७ मार्च २०२५ ला, ४३४ दिवसांनी, यान कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्गच्या धावपट्टीवर उतरलं.

आत काय होतं, हे कोणत्याही कक्षेच्या आकड्यांतून निघत नाही. जाहीर झालेल्या मोजक्या गोष्टींत नासाचा एक प्रयोग होता, वनस्पतींच्या बियांवर किरणोत्साराचा परिणाम पाहणारा. नुसत्या बियांसाठी फाल्कन हेवी कोणी उडवत नाही.