रात्रीं दूरचीं नभोवाणी-केंद्रें ऐकण्याचा छंद

रात्रीं वीज मिळते तेव्हां पिकास पाणी देण्याकरितां जागून दारें धरावीं लागतात, हें आमच्या शेतकरी बंधूंस सांगावयास नको. त्या जागरणांत सोबतीस जो लहानसा रेडिओ असतो, त्याचा एक गुण पुष्कळांच्या ध्यानीं आलेला नसतो. मध्यम लहरींच्या पट्टींत दिवसां जेथें नुसती खरखर असते, तेथेंच रात्रीं शेंकडों, क्वचित् हजारों किलोमीटरांवरील केंद्र बोलूं लागतें. असें कां होतें व हा छंद कसा करावा, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्ही योजिलें आहे.

आपल्या इकडे मध्यम लहरींची पट्टी ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झपर्यंत असते. या लहरींचा कांहीं भाग जमिनीस धरून चालतो व थोड्या अंतरावर क्षीण होतो; कांहीं भाग आकाशाकडे जातो. सूर्यप्रकाशामुळें सुमारें ६० ते ९० किलोमीटर उंचीवर हवेचा एक विद्युद्भारित थर तयार होतो, तो दिवसां हा दुसरा भाग शोषून घेतो. सूर्यास्तानंतर हा थर विरतो आणि त्याच्या वरचे थर त्या लहरी आरशाप्रमाणें पृथ्वीकडे परत पाठवितात. असा थर असावा हें केनेली व हेविसाइड यांनीं १९०२ सालीं सुचविलें. ॲपलटन यांनीं १९२४ सालीं तें प्रयोगानें सिद्ध केलें व त्यांस १९४७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

याचें उदाहरण आपल्याच प्रांतांतलें आहे. आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी १९८८ सालीं सुरू झाली. तिचें नागपूर येथील १००० किलोवॅटचें क्षेपण १५६६ किलोहर्ट्झवर होत असे व युरोपांतील छंदी श्रोते तें ऐकत. २०१८-१९ च्या हिवाळ्यांत ती वाहिनी बंद झाली.

आतां कृति. रेडिओची बाहेर ओढावयाची दांडी मध्यम लहरींस उपयोगी नाहीं. पेटींत आडवी फेराईटची कांडी असते, तीच लहरी धरते. म्हणून पेटीच सावकाश फिरवावी. कांडीचें टोंक केंद्राच्या दिशेस आलें कीं आवाज पडतो, बाजू आली कीं वाढतो. एकाच जागीं दोन केंद्रें मिसळलीं असतां याच युक्तीनें एक दाबून दुसरें ऐकतां येतें. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर व इन्व्हर्टर यांपासून दूर बसावें. शहरांतील श्रोत्यास जी शांतता मिळत नाहीं, ती आपल्या बांधावर फुकट आहे. हिवाळ्याच्या रात्री उत्तम. वळवाच्या दिवसांत विजांची कडकड फार.

रानडुकरांसाठीं लावलेल्या झटका यंत्राची टकटक मात्र रेडिओंत येते. ती एरव्हीं त्रासदायक, पण उपयोगाचीही आहे. रेडिओ दोन केंद्रांच्या मधल्या मोकळ्या जागीं लावून कुंपणाकडेनें चालावें. जेथें टकटक एकाएकीं मोठी होते, तेथें बहुधा तारेस गवत लागलेलें असतें किंवा इन्सुलेटर फुटलेला असतो. तारेस हात लावण्यापूर्वीं यंत्र बंद करावें.

ऐकलेलें वहींत टिपावें : तारीख, वेळ, किलोहर्ट्झ, भाषा व प्रत्यक्ष काय ऐकलें. ही नोंद पंचनाम्यासारखी असावी. ऐकलें तेवढेंच लिहावें, तर्क लिहूं नये. अशी नोंद कळविली असतां कित्येक केंद्रें पोंच म्हणून चित्रकार्ड पाठवितात. परदेशीं लिहितांना आपल्या घड्याळांतून साडेपांच तास वजा करून जागतिक वेळ द्यावी.

विलंब मात्र करूं नये. जर्मनीच्या डॉइचलांडफुंकनें २०१५ च्या अखेरीस मध्यम लहरींवरील क्षेपण थांबविलें. इतरत्रही तेंच चाललें आहे. आज ऐकूं येणारें केंद्र पुढच्या हिवाळ्यांत असेलच असें नाहीं. म्हणून फडताळांतला जुना रेडिओ काढावा, सेल घालावे व रात्रीं शेतावर न्यावा. मात्र ऐकण्याच्या नादांत आपलें पाणी शेजाऱ्याच्या वाफ्यांत जाऊं देऊं नये, इतकेंच सांगणें आहे.