आईच्या छातीची ऊब: कांगारू मातृसेवेविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

काचेची पेटी मिळत नाही तेथेच बाळाला आईच्या छातीवर ठेवतात, हा कांगारू मातृसेवेविषयीचा सर्वांत चिवट गैरसमज होय. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा भिडेल असे उभे धरणे आणि शक्यतो केवळ आईचेच दूध देणे, ही ती पद्धत. १९७८ साली बोगोटा येथे एडगर रे सनाब्रिया यांनी ती सुरू केली तेव्हा पेट्या अपुऱ्या होत्या, आणि गैरसमजाचे मूळ तेथेच आहे. परंतु दिल्लीच्या सफदरजंगसह पाच देशांतील रुग्णालयांत १ ते १.८ किलो वजनाच्या ३,२११ बाळांवर झालेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, जन्मानंतर लगेच छातीशी धरलेल्यांपैकी पहिल्या २८ दिवसांत १२ टक्के बाळे दगावली, तर प्रकृती स्थिरावेपर्यंत नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी १५.७ टक्के.

नाकात नळी असलेले बाळ हलवू नये, असेही मानले जाते; वस्तुतः जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशींनुसार अत्यवस्थ बाळे वगळता इतरांसाठी ही सेवा शक्य तितक्या लवकर सुरू करावी आणि दिवसाकाठी ८ ते २४ तास चालू ठेवावी. बाळाच्या अंगावर टोपी, मोजे आणि लंगोट एवढेच असावे, श्वासमार्ग मोकळा राहावा म्हणून मान एका बाजूला वळवून किंचित वर ठेवावी, पाय बेडकासारखे दुमडावेत, आणि वरून सुती पट्टा किंवा साडीची घट्ट घडी बांधावी. काशीच्या पौषातील गारठ्यात त्यावर आईची शाल हवीच.

काशीतील दूधविनायक मोहल्ल्याच्या मराठी घरांत बाळ जन्मल्यावर सोयर पाळले जात असले, तरी तो देवघराचा नियम आहे, बाळाला जवळ घेण्याचा नव्हे. बाळाला स्पर्श करण्यापूर्वी हात साबणाने धुतलेले हवेत, मग आई थकली असता बाबा किंवा आत्याही बाळाला छातीशी धरू शकतात.

खरी अडचण जागेची असते, कारण बाकावर बसून आठ तास कोणत्याही बाळंतिणीला निभत नाहीत. उपरोक्त चाचणीत आईची खाट नवजात अतिदक्षता कक्षातच होती आणि तिची शुश्रूषाही तेथेच होत असे. म्हणून दूधविनायकातून रुग्णालयात डबा घेऊन निघणाऱ्या आजीने परिचारिकेला पहिल्याच दिवशी विचारावे, की आईची खाट बाळाजवळ लागेल का, आणि आई जेवेल तेवढा वेळ बाळ कोणाच्या छातीवर राहील.